बिटांच्या ढिगातली ऊब

कोल्हापूर जिल्ह्यातल्या ज्या गावात मी वाढलो, तिथे साखर म्हणजे ऊस. दुसऱ्या कशातून साखर निघते असं कुणी म्हणालं असतं, तर आमच्या चुलत्यांनी त्याला गुऱ्हाळावर नेऊन दोन पेले रस पाजून शुद्धीवर आणलं असतं. त्यामुळे ब्राउनश्वाइगमध्ये पहिल्यांदा मी साखरेचं बीट हातात घेतलं तेव्हा मला ते खोटंच वाटलं. आपल्या कोशिंबिरीतल्या बिटासारखं ते लाल नसतं. मातकट पांढरं, वेडंवाकडं, मुळ्याच्या आणि रताळ्याच्या लग्नातून जन्मलेलं असावं असं काहीतरी. मी एक तुकडा चावून पाहिला. गोड होता खरा, पण त्या गोडीच्या मागून ओल्या जमिनीची चव येत होती.

पन्नासच्या दशकातली ती शेवटची वर्षं. मी तिथल्या हॉखशूलेत, म्हणजे तांत्रिक विद्यापीठात, यंत्र अभियांत्रिकी शिकत होतो. पदवीच्या परीक्षेआधी प्रत्येक विद्यार्थ्याला एक छोटं संशोधन करावं लागे. त्याला श्टूडिएनआर्बाइट म्हणत. माझे बरेचसे वर्गमित्र मोटारींच्या इंजिनांकडे धावले. मलाही तिकडेच जायचं होतं, पण प्राध्यापकांनी मला थांबवलं.

"तुम्ही भारतातल्या ऊसवाल्या भागातले ना?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो.

"मग साखरेचं काहीतरी घ्या. हे बघा, बीट जमिनीतून काढलं तरी ते मेलेलं नसतं. ते श्वास घेतं, आणि श्वास घेताना स्वतःचीच साखर खातं. शेतकरी बिटांचे ढीग शेताच्या कडेला घालून ठेवतात, आणि कारखान्याची पाळी येईपर्यंत ते तिथेच पडून राहतात. त्या ढिगात आत कुठे, किती गरम होतं, ते तुम्ही मोजा."

"आणि उत्तर काय यायला हवं?" मी भाबडेपणानं विचारलं.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "ते मला माहीत असतं तर तुम्हाला कशाला थंडीत पाठवलं असतं?"

मी मनात म्हटलं, यांना सगळं माहीत आहे, आपली परीक्षा घेताहेत. आपल्याकडे शाळेत गणिताच्या पुस्तकाच्या शेवटी उत्तरं छापलेली असतात. तसं प्राध्यापकांच्या कपाटात कुठेतरी या प्रश्नाचं उत्तर असणार, अशी माझी पक्की समजूत होती.

या कामात मला एक जोडीदार मिळाला. तो माझ्याहून बराच मोठा होता, तिशीच्या आसपासचा. मूळचा पूर्वेकडचा. त्याचं गाव आता पोलंडमध्ये गेलं होतं. लढाई संपता संपता आई आणि बहिणीला घोडागाडीत घालून तो पश्चिमेला आला होता. मग काही वर्षं बांधकामावर विटा वाहून त्यानं घर उभं केलं, आणि त्यानंतर शिकायला आला. हे सगळं त्यानं मला एकदाच, दोन-तीन वाक्यांत सांगितलं आणि लगेच विचारलं, "तुम्हाला मोटारसायकलवर मागे बसता येतं का?"

त्या काळात तिथले विद्यार्थीसुद्धा एकमेकांना अहो-जाहो करत. आम्ही रोज एकत्र शेतावर जायचो, एकाच डब्यातला पाव खायचो, पण तो मला 'तुम्ही' आणि मी त्याला 'तुम्ही'. पुण्यात कॉलेजात असताना दुसऱ्या दिवशीच एकमेकांच्या पाठीत धपाटे घालायची सवय असलेल्या मला हे फार अवघड जायचं. त्याला हाक मारायची म्हणजे आडनावाआधी 'हेर', अर्थात श्रीयुत, लावायचं. तोवर तो शेताच्या दुसऱ्या टोकाला पोहोचलेला असायचा.

शहराबाहेरच्या एका गावात एक तरुण शेतकरी आम्हाला त्याचा ढीग वापरू द्यायला तयार झाला. हसरा, लालबुंद गालांचा माणूस. त्याची बायको गरोदर होती आणि घरात सगळं लक्ष तिकडेच होतं. "ढिगात काय पाहिजे ते खुपसा," तो म्हणाला. "फक्त माझी बिटं नासवू नका." आम्ही लांब पोलादी नळ्या घेतल्या आणि ढिगात वेगवेगळ्या जागी आतवर खुपसल्या. प्रत्येक नळीचा वेगळा थर्मामीटर दोरीला बांधून आत सोडायचा, थांबायचं, झटकन वर ओढून आकडा वाचायचा. एवढंच काम. पण ऑक्टोबर सरला तशी बोटं अशी गारठायची की आकडा वाचला तरी लिहिता येईना. मग एकानं वाचायचं आणि दुसऱ्यानं, खिशात ऊब घेतलेल्या हातानं, लिहायचं, अशी वाटणी आम्ही केली.

त्याच सुमारास मला गुळाची फार आठवण यायला लागली. साखरेत काम करायचं आणि गूळ नाही, हे काही मनाला पटेना. मी एका विधवा बाईंच्या घरी खोली घेऊन राहत होतो. त्या मला कौतुकानं 'हेर इंजिनिअर' म्हणत, पदवी मिळायच्या कितीतरी आधीपासून. मी त्यांना भीतभीतच विचारलं, की तुमच्या कपडे उकळायच्या हंड्यात बिटाचा रस आटवला तर चालेल का?

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "अहो, लढाईनंतर आम्ही सगळे तेच करत होतो! साखर होती कुठे? सगळ्या गल्लीला वास सुटायचा!"

मग काय, शेतकऱ्यानं आनंदानं एक पोतं दिलं, जोडीदारानं बिटं धुऊन चिरली, बाईंनी उकडली, मी फडक्यातून पिळली. दिवसभर रस आटत होता. मी चुलत्यांसारखा ऐटीत उलथनं घेऊन उभा होतो. बोटांत धरून तार बघत होतो, थेंब गार पाण्यात टाकून बघत होतो. गूळ काही होईना. काळपट, चिकट, काकवीसारखं काहीतरी झालं आणि तिथेच अडून बसलं. शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. मी हिरमुसलो, पण बाईंनी त्यात चमचा बुडवला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "गेनाऊ! अगदी अस्संच!" त्यांना जे हवं होतं ते नेमकं तेच होतं. जोडीदारानं पावाला लावून चार तुकडे खाल्ले आणि गंभीरपणे म्हणाला, "तुमच्या देशात हे घट्ट का होतं, यावर कुणीतरी संशोधन करायला पाहिजे."

इकडे ढिगात एक गंमत सुरू झाली होती. बाकी सगळ्या नळ्या थंडीबरोबर हळूहळू गार होत होत्या, पण रस्त्याच्या टोकाची एक नळी काही ऐकेना. ती गरमच होत चालली. आम्ही प्राध्यापकांच्या साहाय्यकांना दाखवलं. पांढरा कोट घातलेले, फार हुशार गृहस्थ. त्यांनी आकड्यांवरून नजर फिरवली. "थर्मामीटर बिघडलाय. तो आकडा काढून टाका."

आम्ही थर्मामीटर बदलला. नळी गरमच. मग दोन थर्मामीटर एकमेकांशी अदलाबदल केले. तरी तीच नळी गरम. साहाय्यक म्हणाले, "आल्झो...", म्हणजे 'तर मग...', आणि पुढे काहीच म्हणाले नाहीत. मला त्याचं फार नवल वाटलं. तेवढा हुशार माणूस वाक्याच्या सुरुवातीलाच थांबला होता. प्राध्यापक म्हणाले, "घाई करू नका. महिनाअखेरीला शेतकऱ्याला विचारून ढीग त्या जागी उघडा आणि आत काय आहे ते बघा."

त्या दिवसापासून मला बिटांची स्वप्नं पडायला लागली. आत काय असेल? उंदरांचं घर? कुजलेलं जनावर? एखादा जमिनीतला झरा? परदेशात आल्यापासून प्रथमच मी सकाळी उठून कामाला जायची वाट बघत होतो.

आणि एके सकाळी, धुक्यातून आम्ही शेतावर पोहोचलो, तर ढीग नव्हता.

आधी मला वाटलं, धुक्यात चुकलो. मग खाली बघितलं तर ताजी चाकोरी, तुडवलेली पानं आणि इकडेतिकडे सांडलेली चार-दोन बिटं. आमची एकही नळी नाही. जोडीदार मोटारसायकल तशीच टाकून घराकडे पळाला, मी त्याच्या मागे. दारात शेतकऱ्याच्या सासूबाई उभ्या होत्या, डोळ्यांत पाणी आणि चेहऱ्यावर हसू.

"मुलगी!" त्या ओरडल्या. "पहाटे मुलगी झाली! जावई दवाखान्यातच आहेत!"

"अभिनंदन," जोडीदार धापा टाकत म्हणाला. "आणि बिटं?"

"सगळे केस काळे आहेत तिचे!"

"फार छान. आणि बिटं कुठे गेली हो?"

"ती होय? आज कारखान्याची पाळी होती ना. शेजाऱ्यानं भरून नेली. देवमाणूस आहे तो. म्हणाला, तुम्ही बाळ बघा, बिटांचं मी बघतो."

देवमाणसाला ढिगातल्या नळ्यांबद्दल कुणीच सांगितलेलं नव्हतं. कारखान्यात बिटं पाण्याच्या पाटातून वाहत जातात आणि पुढे धारदार पात्यांच्या यंत्रात त्यांचे काप होतात. त्या पात्यांत आमची एक जरी पोलादी नळी गेली असती, तर भर गळीत हंगामात सगळा कारखाना बंद पडला असता. मी दारातच थिजून उभा राहिलो. हॉखशूलेतून काढून टाकतील, परत पाठवतील, घरी काय सांगू, असं सगळं एकदम डोक्यात आलं.

तेवढ्यात मोटारसायकल फटफटत समोर आली आणि जोडीदार ओरडला, "अरे, बघतोस काय? बस ना पटकन!"

मी बसलो. गाव मागे पडल्यावर माझ्या लक्षात आलं, की तो मला 'अरे' म्हणाला होता. जर्मनमध्ये 'झी', म्हणजे 'तुम्ही', सोडून 'डू', म्हणजे 'तू', म्हणायचं तर मोठ्या माणसानं रीतसर विचारायचं असतं, शक्यतो हातात पेला घेऊन. इथे पेला नव्हता, विचारणं नव्हतं. वाऱ्यानं डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या तसल्या संकटातही मला आतून बरं वाटत होतं.

कारखान्यासमोर ट्रॅक्टरांची ही लांबलचक रांग. आमचा देवमाणूस फाटकाजवळच पोहोचला होता, ट्रॅक्टरवर बसून शांतपणे पाव खात होता. मागे बिटांनी भरलेल्या दोन ट्रॉल्या. अजून एकही बीट खाली पडलेलं नव्हतं. जोडीदारानं त्याला दोन वाक्यांत सगळं सांगितलं. त्याचा घास तोंडातच राहिला. एवढ्यात फाटकावरचा मुकादम आला.

"काय म्हणालात? माझ्या बिटांत लोखंड?" त्याचा आवाज यंत्रांच्या वर ऐकू येत होता.

"संशोधनाचं लोखंड," मी म्हणालो. घाबरल्यावर माझं जर्मन असंच व्हायचं.

मग रांगेतले शेतकरी हसायला लागले, आणि शेवटी मुकादमही हसला. त्यानं ट्रॅक्टर बाजूला घ्यायला लावला आणि सांगितलं, की दोन्ही ट्रॉल्या हातानं रिकाम्या करा, सगळ्या नळ्या मला दाखवा, मग ज्यातली त्यात परत भरा, आणि मगच आत या.

एवढी बिटं आम्ही दोघं कधी उपसणार? पण रांग हलत नव्हती आणि थंडीत नुसतं बसून शेतकरीही कंटाळले होते. एक उतरला, दोन उतरले, बघता बघता पाच-सात जण आले. बिटांना जखम होऊ नये म्हणून टोकांना गोळे असलेले त्यांचे ते मोठे काटे घेऊन ते कामाला लागले. नळी सापडली की आरडाओरडा व्हायचा. "हे घ्या संशोधन!" असं म्हणत ती ते माझ्या हातात द्यायचे. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं जोडीदाराच्या हातातला काटा चालताना पाहिला आणि विचारलं, "शेतावर वाढलेला दिसतोस. कुठला?" जोडीदारानं गावाचं नाव सांगितलं. म्हाताऱ्यानं नुसती मान हलवली आणि खिशातून सफरचंद काढून त्याला दिलं. ते खाताना तो जरा वेळ आमच्याकडे पाठ करून उभा होता.

पहिल्या ट्रॉलीच्या तळाकडे आम्ही आलो तेव्हा जोडीदार एकदम ओरडला. मला वाटलं, नळी सापडली. पण त्याच्या हातात एक गचाळ गोळा होता. बिटं, पानं आणि चिखल एकमेकांना चिकटून झालेला. त्यातून वाफ येत होती.

"हात लाव!" तो म्हणाला. "हात लाव ना!"

मी हात लावला. त्या गारठ्यात तो गोळा चक्क कोमट होता. बिटं आतून मऊ पडलेली, आंबूस वासाची. शेजाऱ्यानं सांगितलं, की ही ट्रॉली त्यानं रस्त्याच्या टोकाकडून भरली होती. आणि मग आठवून म्हणाला, त्या टोकाची बिटं काढली तेव्हा पाऊस लागला होता, त्यामुळे घाईघाईत पानं नीट न छाटताच ढिगावर टाकली होती. आमची हट्टी नळी तिथलीच. पानांनी आणि मातीनं हवेच्या वाटा बुजल्या होत्या आणि आतली ऊब आतच कोंडून राहिली होती. आम्ही दोघं तो सडका गोळा हातात धरून नाचत होतो आणि आजूबाजूचे शेतकरी एकमेकांकडे बघून, 'वेडे आहेत' अशा अर्थानं, कपाळाला बोट लावत होते.

एक नळी मात्र काही केल्या सापडेना. दोन्ही ट्रॉल्या रिकाम्या झाल्या. मुकादम परत गंभीर झाला. एवढ्यात देवमाणसाला काहीतरी आठवलं. तो ट्रॅक्टरवर चढला आणि बैठकीमागून ती नळी काढून आणली. "ही तर नव्हे? भरताना वरच दिसली. मला वाटलं कुंपणाची खुंटी. म्हटलं, कुणाची तरी असेल, परत देऊ." त्या दिवशी सगळ्यांत मोठा हशा त्याच वेळी झाला. मुकादमानं तर टोपीच काढून हातात घेतली.

आम्ही चिखलानं माखलेले तसेच प्राध्यापकांसमोर उभे राहिलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी एकच प्रश्न विचारला. "प्रत्येक ट्रॉलीचा नमुना घेऊन कारखाना त्यातली साखर तपासतो. ते आकडे घेतलेत का?"

आमच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी एकटाच परत गेलो. मुकादमानं मला बघताच विचारलं, "आज काय विसरलात?" पण त्यानं स्वतः मला त्यांच्या प्रयोगशाळेत नेलं. दोन्ही ट्रॉल्यांचे आकडे तिथे वेगवेगळे होते. रस्त्याच्या टोकाच्या बिटांत साखर उघड उघड कमी होती. ढीग आम्ही स्वतः शांतपणे उघडला असता तर हा आकडा आम्हाला कधीच मिळाला नसता.

त्या संस्थेत एक चांगली पद्धत होती. हिवाळी सत्र संपताना कॉफी आणि केक ठेवत, आणि ज्यांचं संशोधन पुरं झालं असेल त्यांनी पुढच्या विद्यार्थ्यांना आपापला अनुभव सांगायचा. इंजिनवाल्या मित्रांनी सुंदर आलेख दाखवले. एकानं चिकाटीचं महत्त्व सांगितलं. एकानं कबूल केलं, की सहा आठवडे तो यंत्राचं बटणच चालू करत नव्हता. आमची पाळी आली तेव्हा जोडीदार उठून म्हणाला, "मी एवढंच शिकलो, की ढिगावर पाटी लावावी. आणि शेजाऱ्याच्या घरावरही एक लावावी." सगळे हसले.

मी पाठ करून आणलेलं भाषण पहिल्याच वाक्यात विसरलो. मग सुचेल तसं बोललो. म्हटलं, मी लांबून आलो ते इथल्या माणसांना सगळं माहीत आहे असं समजून. ते शिकून घ्यायचं आणि घरी न्यायचं, एवढाच माझा बेत होता. त्या नळीचा आकडा बघून तुम्ही सगळे गप्प झालात, तेव्हा मी आधी घाबरलो. मग मला फार आनंद झाला. कारण त्या गोष्टीपुरते आपण सगळे एकाच बाकावर बसलो होतो. साहाय्यकांनी कोटाच्या खिशात हात घालून मान खाली घातली, पण ते हसत होते.

टाळ्या झाल्या, आम्ही बसलो, केक पुढे आला. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक हात वर झाला. आमच्या खालच्या वर्गात एकच मुलगी होती, ती उभी राहिली.

"पण ते पानांमुळे झालं की मातीमुळे?" तिनं विचारलं. "तुमच्या गोळ्यात दोन्ही होती. तुम्ही वेगळं कसं केलंत?"

आम्ही वेगळं केलंच नव्हतं. महिनोन् महिने त्या ढिगाशी झुंजलो, पण हा साधा प्रश्न आमच्या मनात आला नव्हता. प्राध्यापकांनी केकची बशी खाली ठेवली. एवढं खूश झालेलं मी त्यांना पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. "फ्रॉयलाइन," ते म्हणाले, "तुमचा विषय तुम्हाला मिळाला."

बाहेर बर्फ पडत होतं. ट्रामच्या थांब्यापर्यंत आम्ही दोघं तिला पटवत होतो, की पानंच असणार, दुसरं काय? आणि ती पटवून घेत नव्हती. दोन ट्रामी आल्या आणि गेल्या. पुढच्या हिवाळ्यात तिनं नीट दोन वेगवेगळे ढीग घातले, एकात नुसती पानं, एकात नुसती माती, आणि दाखवून दिलं, की पानं गरम करतात हे खरं, पण माती जास्त वाईट. तिचं बोलणं ऐकायला आम्ही दोघं मुद्दाम पहिल्या रांगेत जाऊन बसलो होतो. संपल्यावर जोडीदार माझ्या कानाशी म्हणाला, "अर्धे बरोबर होतो."

"अर्धे पुष्कळ झाले," मी म्हणालो, आणि आम्ही तिच्यासाठी केक आणायला उठलो.